समोरची काच स्वच्छ ठेवा

बार्न्सलीचे केनेथ हॅटर्सली हे कायदा पाळणारे गृहस्थ होते. मूल गाडीत असताना सिगारेट ओढायची नाही, असा कायदा इंग्लंडात आला, तेव्हा त्यांनी गाडीतली राखदाणी काढून टाकली आणि व्हेप, म्हणजे वाफ सोडणारी विजेवरची सिगारेट, विकत घेतला. व्हेपबद्दल तो कायदा अवाक्षरही काढत नव्हता. म्हणजे परवानगीच आहे, असे आमच्या गावात सर्वांचे मत पडले.

गाडीतले मूल म्हणजे त्यांची सात वर्षांची मुलगी टिली. तिला दमा होता. सकाळी शाळेबाहेर गाड्यांची जी लांबलचक रांग लागते, त्या रांगेत ती मागच्या सीटवर पट्टा लावून, निळा पंप मुठीत धरून बसे आणि पुढे वडील स्ट्रॉबेरीच्या वासाचे ढग सोडत.

"डॅडी, काच खाली करा ना. छातीत शिट्टी वाजतेय."

"बाहेर पाऊस आहे, चिमणे. आणि हा काय धूर आहे? वाफ आहे नुसती. सरकारला चालते आणि तुला चालत नाही? मोठी आली महाराणी!"

एका सकाळी ढग इतका दाटला, की शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या मिसेस ओल्डरॉइड केनेथना दिसल्याच नाहीत. त्यांच्या हातातली 'थांबा'ची पाटी बॉनेटवर आदळली. बाई थोडक्यात वाचल्या. कॉन्स्टेबल थ्वेट धावत आले. त्यांनी गाडीचे दार उघडले, तसा वाफेचा लोट बाहेर आला आणि त्यामागून खोकला.

"कोण खोकतंय?"

"मुलगी. ती नेहमीच खोकते."

"मग ठीक आहे. हे बघ केन, व्हेप ओढणं गुन्हा नाही. पण समोरचं न दिसणं गुन्हा आहे. पुढच्या काचेवर वाफ येता कामा नये."

"मग सोडू कुठे, साहेब?"

थ्वेटनी गाडीचे आतून बारकाईने निरीक्षण केले. "मागे बक्कळ जागा आहे की."

केनेथ मान वळवून मागे वाफ सोडू लागले. पण पाटीला धडकल्याच्या दंडाऐवजी त्यांना वाहनचालकांच्या ज्या सुरक्षा-वर्गाला बसवले, तिथल्या मिस पिकल्स या शास्त्रशुद्ध बाई होत्या. मान वळली की नजर रस्त्यावरून हटते, हे त्यांनी आकृती काढून पटवले. तेव्हा केनेथनी वॉशिंग मशीनची पन्हळी नळी आणली, तिचे एक टोक व्हेपसकट तोंडाशी बांधले आणि दुसरे डोक्यावरून मागच्या सीटवर सोडले. आता नजर समोर, दोन्ही हात स्टिअरिंगवर, काच आरशासारखी! मिस पिकल्स सद्गदित झाल्या. कौन्सिलने गाडीला 'स्वच्छ काच, सुरक्षित बालक' असे स्टिकर लावले आणि त्या समारंभाला केक कापला. टिलीने केक खाल्ला नाही. लाजाळू आहे, असे सगळे म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात रांगेत टिलीचा पंप संपला. तिने पट्टा काढला, दोन सीटांच्या मधून अंग पुढे घुसवले आणि जिथून ताजी हवा येते त्या डॅशबोर्डवरच्या झरोक्याला तोंड लावले. थ्वेटनी ते पाहिले आणि शिट्टी फुंकून गाडी थांबवली.

"मूल पट्ट्याशिवाय? केन, मुलांच्या सुरक्षेत आम्ही तडजोड करत नाही. दंड भरावा लागेल."

"काका... श्वास..."

"आधी पट्टा लाव बाळा, मग घे श्वास."

पट्टा लावला गेला. दुपारी वर्गातून तिला रुग्णवाहिकेने नेले. ओठ निळे पडले होते.

ती वाचली. आम्ही सर्वांनी सह्या करून तिला सुंदर शुभेच्छापत्र पाठवले, त्यावर ससा होता. केनेथना मात्र कुणी काही बोलले नाही. दुसऱ्याच्या गाडीत नाक खुपसायचे नाही, एवढे संस्कार आमच्या गावावर आहेत.

ती पुन्हा शाळेत येऊ लागली, त्याच सीटवरून, त्याच नळीखालून. मागच्या काचेवर आतून तिचा तळवा सारखा वाफ पुसत असतो. आम्ही फाटकाशी छत्र्या घेऊन उभे असतो आणि मनापासून हळहळतो.

"कुणीतरी त्याला सुनावायला हवं," मिसेस ओल्डरॉइड परवा कुजबुजल्या. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

तुम्हीही आत्ता डोलावलीत. या, उभे राहा आमच्याबरोबर. छत्री आणली आहे ना?