न उतरलेला स्वार

श्रावणातल्या दुसऱ्या शुक्रवारी यांच्या कवितेतला घोडा आमच्या दारात आला आणि स्वाराने आता खाली उतरावं, अशी त्याने विनंती केली.

मी जिवतीच्या पूजेला आघाडा निवडत होते. हात पुसून बाहेर आले.

“वहिनी, साहेब आहेत का?”

“आहेत. आत खुर्चीत बसलेत.”

“खुर्चीतही असतील,” घोडा म्हणाला. “माझ्या पाठीवर तर आहेतच.”

मी नीट पाहिलं. खोगीर रिकामं होतं, पण त्याचं कातडं मधोमध दबलेलं होतं. आमच्या खुर्चीची गादी दबते तस्संच.

कविता एकोणीस वर्षांपूर्वीची. तिला बक्षीस मिळालं होतं, आणि अजूनही शाळांतून मुलं ती हातवारे करून म्हणतात. तीत ‘मी’ घोड्यावर झेप घेतो, लगाम दातांत धरतो, सोन्याच्या रिकिबींत पाय रोवतो आणि क्षितिजाकडे सुटतो. तिथे कविता संपते. घोड्याचं धावणं संपायची सोय तीत नाही.

चातुर्मासात माझा नेम असतो, दारी आलेला जीव खाऊन जाईपर्यंत आपण जेवायचं नाही. मी भिजवलेले हरभरे घमेल्यात घालून पुढे ठेवले. घोड्याने तोंड लावलं, पण दातांमध्ये लगामाची कडी होती. हरभरे खाली सांडले. मी कडी काढायला गेले. माझे वडील पस्तीस वर्षं टांगा हाकत होते, लगाम कुठे सोडायचा हे माझ्या बोटांना ठाऊक आहे. डाव्या हाताने चाचपलं, कारण उजवा अकरा वर्षांपासून खांद्यात धरलेला असतो. डॉक्टर म्हणतात, वय. गालापाशी बक्कल नव्हतं. पोटाखालून खोगीर आवळणारा पट्टा, ज्याला तंग म्हणतात, तोही नव्हता. यांनी लिहिलेच नव्हते. खोगीर एकोणीस वर्षं नुसतं घसरत होतं, आणि त्याखाली पाठ सोलून निघाली होती.

“अहो, बाहेर या,” मी म्हटलं. “तंग बांधल्याशिवाय चढलात कसे?”

हे दारापर्यंत आले. “कवितेत असं चालतं.”

“चालत नाही साहेब,” घोडा म्हणाला. “धावावं लागतं.”

“तुमचं म्हणणं तरी काय आहे?”

“तुमच्या हातची एक ओळ. स्वार उतरला, एवढी.”

“उतरला? दिगंताकडे निघालेला माणूस उतरेल कशाला?”

“लघवीला,” मी म्हटलं. हे आत गेले.

संध्याकाळी बक्षीस देणाऱ्या काव्यमंडळाचे चिटणीस टेंभुर्णीकर स्कूटरवरून आले. यांनीच बोलावलं होतं. त्यांनी घोड्याला प्रदक्षिणा घातली आणि लेखी अर्ज मागितला. घोड्याला लिहिता येत नसल्यामुळे तो मी लिहिला.

“वहिनी, बक्षीसपात्र कवितेत बदल करायचा तर सर्वसाधारण सभा लागते,” टेंभुर्णीकर म्हणाले. “ती कार्तिकात.”

“तोपर्यंत हा काय खाणार?”

“अर्जात खाण्याचा मुद्दा वेगळा काढा. एका अर्जात दोन विषय घेता येत नाहीत.” मग ते ओट्यावर बसून यांच्याबरोबर थालीपीठ जेवले. वाढलं मीच. मी आणि घोडा बघत होतो.

रात्री मी यांच्या निवडक कवितांच्या वहीत, त्याच कवितेखाली पेन्सिलीने चार ओव्या लिहून पाहिल्या. घोड्याने ऐकल्या आणि म्हणाला, “गोड आहेत हो. पण अक्षर यांचं लागतं.”

शनिवारी दुपारी कुठल्याशा शाळेत पाठांतराच्या स्पर्धेला हीच कविता होती. घोड्याचे कान ताठ झाले. “माफ करा वहिनी,” एवढं म्हणून तो अंगणातल्या अंगणात, तुळशीभोवती, अर्धा तास दौडला. सोन्याच्या रिकिबी बरगड्यांवर आपटत होत्या. पाठीवरून रक्ताचा ओघळ पोटापर्यंत आला. मी दोन दिवसांची उपाशी, खांब धरून उभी होते.

हे खिडकीतून पाहत होते. म्हणाले, “काय लय आहे!”

देवाशप्पथ सांगते, एवढ्या वर्षांत मी या घरात आवाज चढवला नव्हता. सोळा सोमवार केले, मंगळागौरी जागवल्या, सगळ्यांत यांच्यासाठीच मागितलं. त्या दिवशी मी ती वही आणून यांच्यापुढे आपटली.

“लिहा.”

“अगं, पण सभा...”

“माझ्या बापाने घोड्याआधी कधी घोटभर पाणी घेतलं नाही. आणि तुम्ही या घोड्याच्या रक्ताला लय म्हणता? मी व्रत धरते तर उद्यापनही करते. मध्येच सोडून टाळ्या घ्यायला जात नाही. लिहा, मी सांगते. आधी तंग बांधा.”

“आधी उतरतो की.”

“सैल खोगिरावरून एका बाजूने उतरलात तर ते पोटाखाली जाईल आणि तुम्ही त्याच्या पायांत. बांधा.”

“तंग वृत्तात बसत नाही.”

“मग वृत्ताला उभं राहू दे.”

यांनी लिहिलं. घोड्याच्या पोटाखाली पट्टा आला. मग स्वार उतरला, आणि खोगिराचं कातडं हळूच वर आलं. गालापाशी बक्कल लिहिलं, ते सोडलं, कडी निघाली. तंग सैल केला. खोगीर लगेच ओढू दिलं नाही, तापलेली पाठ उघडी टाकत नाहीत. अंगणात सात फेऱ्या लिहायला लावल्या. मग खोगीर, मग कोमट पाणी, मग हळद आणि तूप. यांना प्रत्येक गोष्टीचं नाव विचारावं लागत होतं.

घोड्याने हरभरे खाल्ले. मग मी जेवले.

हे खुर्चीतून उठले ते मांड्या फाकवूनच. बसवेना. एकोणीस वर्षांचं कातडं घासलेलं. मी तेलाची वाटी शेजारी ठेवली, लावायचं त्यांचं त्यांनी.

निघताना घोडा उंबऱ्याशी थांबला. “वहिनी, रागावू नका. तुम्ही आमच्या पुढच्याच पानावर आहात. निरांजन घेऊन दारात उभ्या. मी येता-जाता पाहतो. तुम्हाला ते खाली ठेवायलाच सांगितलेलं नाही.”

“कुठल्या हातात आहे?”

“उजव्या.”

तो गेला. मी वहीचं पान उलटलं. कविता अकरा वर्षांपूर्वीची होती.

“ती नको,” हे म्हणाले. “ती माझी सगळ्यांत चांगली कविता आहे.”

मी पेनाचं टोपण काढलं. पेन यांच्यापुढे धरलं. बऱ्याच वेळाने यांनी ते घेतलं, आणि बसता येत नव्हतं म्हणून कपाटावर वही ठेवून उभ्यानेच लिहू लागले.

मी देवापुढे पाट मांडला, आणि निरांजन ठेवायला पुरेल एवढी जागा पुसून घेतली.