पगडी आणि हेल्मेट

अप्पासाहेबांच्या बैठकीत टेबलावर पांढरी चादर अंथरून हृषीकेश कॅमेऱ्यासह तयार होता आणि पगडी अजून काचेच्या पेटीतच होती. बडा गणपतीमागच्या या घरात होळकरी रिसाल्यातल्या पणजोबांची लाल पगडी आहे, तिच्यासाठी तो आला होता, असं निदान अप्पासाहेबांना वाटत होतं. शहरातल्या जुन्या वस्तूंचे फोटो काढायचे आणि कुणालाही फुकट वापरता येतील अशा इंटरनेटवरच्या संग्रहात घालायचे, हे काम दहा-बाराजण हौसेनं करत. त्यांत हृषीकेश होता आणि अप्पासाहेबांची मुलगी मधुरिमाही होती. होळकरांच्या लालबाग राजवाड्याचे दरवाजे आणि कठडे दोघांनी मिळून इतक्या वेळा टिपले होते की बाकीचे आता उघड हसू लागले होते. म्हणून आज हृषीकेशनं आईवडिलांनाही बरोबर आणलं होतं. पगडीचा फोटो झाला, अप्पासाहेब खुशीत आले, की वडिलांनी, म्हणजे शंकररावांनी, मधुरिमाला मागणी घालायची असं ठरलं होतं.

"टेबलावर?" अप्पासाहेब कडाडले. "अरे भिया, ही पगडी अशी खाली नाही ठेवत. पेटीत नाहीतर डोक्यावर, बस!"

"पेटीच्या काचेत आपलेच चेहरे दिसतात, काका. मग तुम्ही घालता का?"

अप्पासाहेबांनी घातली. ती त्यांच्या टाळूवर वाटीसारखी बसली. पणजोबांचं डोकं लहान होतं. हे अप्पासाहेबांना चाळीस वर्षांपासून माहीत होतं, तरी दर दसऱ्याला ते एकदा खात्री करून घेत.

हृषीकेशच्या कुरळ्या जंगलावरही ती टिकेना. शेवटी सगळ्यांची नजर शंकररावांकडे गेली. रेल्वेतून निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी सामान नजरेआड न करण्याची त्यांची सवय सुटली नव्हती, त्यामुळे स्कूटरवरचं हेल्मेट ते मांडीवरच घेऊन बसले होते. पगडी त्यांच्या डोक्यावर अशी चपखल बसली की त्यांची पत्नी इंदुमती त्यांच्याकडे दोनदा बघत राहिली.

"बाबा, हेल्मेट चादरीवर नको. फोटोत येईल."

शंकररावांनी ते अप्पासाहेबांच्या हातात दिलं. अप्पासाहेबांना पगडीची चोच सरळ करायची होती आणि त्याला दोन्ही हात लागत होते. त्यांनी सरळ हेल्मेट स्वतःच्या डोक्यावर चढवलं आणि पुढे वाकले. तेवढ्यात हृषीकेशनं उजेड बघायला म्हणून एक फोटो काढला.

फोटो गोळा करायच्या त्यांच्या मोहिमेचा तो शेवटचा दिवस होता, म्हणून मधुरिमा लॅपटॉप घेऊन बसली होती आणि कॅमेऱ्यातून फोटो आला रे आला की संग्रहात चढवत होती. कामात ती मोठी तत्पर होती. अप्पासाहेब तिच्या खांद्यावरून डोकावले.

"शंकरराव, इथे बघा. माझी तुमच्या डोक्यावर, तुमची माझ्या डोक्यावर." त्यांनी लॅपटॉपवर बोट ठेवलं. "आपण पगड्या बदलल्या की हो! आमच्यात पगडी बदलली की माणसं भाऊ होतात. सख्खे! मी एकुलता एक. साठ साल झाले, भाऊ म्हणून हाक मारायला कोणी नव्हतं."

त्यांनी शंकररावांना कडकडून मिठी मारली. अप्पासाहेब खरोखर रडत होते आणि शंकररावांनाही भरून आलं.

"आजपासून हृषीकेश माझा पुतण्या!" डोळे पुसत अप्पासाहेब म्हणाले. "मधुरिमा, दादाला पोहे दे."

मधुरिमानं उचललेली पोह्यांची बशी परत खाली ठेवली. हृषीकेश घाईघाईनं पुढे आला.

"काका, हेल्मेट आहे ते. पगडी थोडीच आहे?"

"अरे, शिरस्त्राण आहे! लढाईतलं! पगडीपेक्षा वरचढ!"

"चुकून झालं हो सगळं."

"भाऊ काय ठरवून जन्माला येतात?"

"मी तो फोटो डिलीट करवतो."

"आता नाही होत," मधुरिमा पुटपुटली. "एकदा अपलोड झाला की आपल्याला काढता येत नाही. मी खाली लिहिलंय पण, 'पगडी बदलताना'." आपल्या तत्परतेचा तिला पहिल्यांदाच राग आला.

"म्हणजे सगळ्या दुनियेसमोर झालं," अप्पासाहेब धन्य होऊन म्हणाले. हेल्मेट काढायचंही त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं.

शंकरराव मुलाकडे बघेनात. मागणी घालायला आलेला माणूस आता मुलीचा काका होऊन बसला होता. सख्ख्या चुलतबहिणीशी लग्न कोणत्या तोंडानं लावायचं?

तेव्हा इंदुमती उठली. देवघरात गेली, पूजेचा लाल धागा, नाडा, घेऊन आली आणि अप्पासाहेबांपुढे उभी राहिली.

"हात करा पुढे, दादा."

"दादा? अहो, तुम्ही तर आता आमच्या वहिनी."

"ते तुम्ही दोघांनी आपसात केलं. मला कुणी पूछलं? मला पण भाऊ नाही." बोलता बोलता तिनं त्यांच्या मनगटावर राखीसारखा नाडा बांधून दोन गाठी मारल्यासुद्धा.

अप्पासाहेबांना एका सकाळीत भाऊ आणि बहीण दोन्ही मिळाले. हेल्मेटच्या आत ते पुन्हा रडू लागले. "ओवाळणीला काय घालू, ताई? मांग, जे पाहिजे ते मांग!"

"तुमची मधुरिमा घाला माझ्या हृषीकेशला. मामाची मुलगी मागतेय, काही वेगळं नाही मागत."

गल्लीतले हिंदी शेजारी असलं काही ऐकलं की कानांवर हात ठेवतात. पण बऱ्याच मराठी घरांत मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्कच असतो, आणि अप्पासाहेबांचं घर त्यांतलंच होतं. त्यांनी मुलीकडे पाहिलं. मुलगी पोह्यांच्या बशीकडे पाहत होती, पण कानांपर्यंत लाल झाली होती.

"बहिणीनं मांगलं, मी ना कसं म्हणू?" ते म्हणाले. "दिली!"

मधुरिमानं बशी हृषीकेशच्या हातात दिली. 'दादा' मात्र म्हणाली नाही.

पगडी घातलेले शंकरराव एकटेच बोटं मोजत बसले होते. अप्पासाहेब आपले सख्खे भाऊ. इंदुमती अप्पासाहेबांची बहीण. म्हणजे इंदुमती आपली...

त्यांनी बोटं मिटली आणि पोह्यांवर आणखी शेव मागून घेतली.