हौदातले सरकारी मासे

भाऊ कर्णिकांना पहिला राग आला तो मलेरिया खात्याच्या इन्स्पेक्टरच्या एका वाक्याचा. ठाण्यात चेंदणीला भाऊंचं घर, परसात विहीर आणि विहिरीला लागून दगडी हौद. इन्स्पेक्टर गोपीनाथ राणे सकाळी पत्र्याचा डबा घेऊन आला आणि त्याने बोटाच्या पेराएवढे वीसेक गप्पी मासे त्या हौदात सोडले. हे मासे डासांच्या अळ्या खातात, म्हणून हिवताप हटतो, हेही त्याने समजावून सांगितलं. तिथपर्यंत भाऊंची काही हरकत नव्हती. पण जाता जाता तो म्हणाला, "यांना खायला मात्र काही घालायचं नाही हं. उपाशी असले तरच काम करतात."

भाऊ तीस वर्षं सरकारी कचेरीत नोकरी करून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी चष्म्यावरून राण्याकडे पाहिलं.

"इन्स्पेक्टर, तुम्ही सकाळी काही खाऊन आलात?"

"हो. पोहे खाऊन आलोय."

"मग तुम्हाला काम कसं सुचतंय?"

राणे हसला. भाऊ हसले नाहीत.

त्याच दुपारी त्यांनी आपल्या पानातला मूठभर भात हौदात टाकला. भाताला मासे नुसतं तोंड लावतात असं दिसल्यावर दुसऱ्या दिवसापासून उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून घालायला सुरुवात झाली. सुमतीबाईंनी आठवडाभर हे पाहिलं आणि मग विचारलं, "अहो, काल बोंबलाचं कालवण दोनदा मागून घेतलंत, तेव्हा हा कळवळा कुठे गेला होता?"

"बोंबील सरकारी नोकरीत नव्हते," भाऊ म्हणाले.

महिन्याभराने हौदात पिल्लं दिसली. गप्पी मासा अंडी न घालता थेट पिल्लंच देतो, हे भाऊंना त्या दिवशी कळलं. पिल्लं म्हणजे नुसते दोन डोळे आणि मागे एक रेघ. भाऊ कौतुकाने वाकून बघत होते, तेवढ्यात एका मादीने वळून आपलंच एक पिल्लू गिळलं. मग दुसरं.

"अगं, बाहेर ये लवकर. ही बाई स्वतःची पोरं खातेय."

सुमतीबाई पिठाच्या हातांनी धावत आल्या. बाई कोण ते कळल्यावर त्या कपाळाला हात लावणार होत्या, पण हाताला पीठ होतं. "मला वाटलं शेजारच्या शेवंतीला वेड लागलं," एवढंच बोलून त्या परत गेल्या.

भाऊ संतापले होते. असल्या आईच्या ताब्यात पोरं ठेवणं त्यांना पटेना. त्यांनी चहाची गाळणी आणली, एकेक पिल्लू अलगद वेचलं आणि घंगाळात ठेवलं. चार दिवसांनी दुसरी मादी व्याली, तिची पिल्लं पितळी पातेल्यात गेली. मोठी पिल्लं धाकट्यांना त्रास देतात असं वाटल्यावर त्यांनी सेवाज्येष्ठतेप्रमाणे वेगवेगळी भांडी नेमून दिली. पंधरवड्यात घरात वरण आणि भात यांच्यासाठी मिळून एकच पातेलं उरलं. आधी भात व्हायचा, तो केळीच्या पानावर काढून ठेवायचा, मग त्याच पातेल्यात वरण.

एवढं करूनही पिल्लं मरू लागली. रोज सकाळी दोनतीन उताणी. भाऊंना कुणावर रागवावं ते कळेना.

ठमाबाई कोळीण एक दिवसाआड दारावर मासळी घेऊन येई. तिने पाटी उतरवली आणि घंगाळात डोकावून नाक मुरडलं.

"भाऊ, पानी नासलंय. बलक घालून घालून मारताव त्यांना."

"मग काय घालू?"

"जितं खानं द्या. मडक्यात पानी भरा, चार पानं टाका नि ठेवा सावलीला. आठ दिसांत किडं वलवल करतील. ते फडक्यातून गाला. बारीक किडं पिल्लांना, मोठं मोठ्यांना. नि पानी सगलं बदलू नका, अर्धाच बदला."

भाऊंनी तिचं म्हणणं अक्षरशः पाळलं. पिल्लं मरायची थांबली, शेपट्या फुटल्यासारखी वाढू लागली. एक मडकं पुरेना, म्हणून पाच झाली. पाचही मडक्यांतले सगळे किडे गाळून होत नसत. उरत, ते पंख फुटून उडून जात. संध्याकाळी अख्खी आळी दंड खाजवत ओट्यावर बसू लागली, आणि शेवंतीच्या नवऱ्याने खात्याला पत्र टाकलं.

राणे आला. पाचही मडक्यांत त्याने एकेक करून वाकून पाहिलं.

"कर्णिक साहेब, हे काय आहे?"

"पिल्लांचं खाणं."

"या डासांच्या अळ्या आहेत."

"असतील. तुमचे मासे दुसरं काय खातात?"

"अहो, डास मारायला मी मासे दिले. तुम्ही मासे जगवायला डास पाळताय."

त्याने तिथेच ओट्यावर बसून नोटीस लिहिली. आठ दिवसांत मडकी रिकामी करा, नाहीतर खटला भरू. भाऊंनी नोटिशीतल्या शुद्धलेखनाच्या तीन चुका त्याला दाखवल्या आणि तीन दिवस खपून चार पानी उत्तर तयार केलं. माणसं नेमायची आणि त्यांच्या पोराबाळांची सोय बघायची नाही, हा अन्याय त्यात मुद्देसूद मांडला होता.

आठव्या दिवशी राण्याबरोबर खात्याचे मोठे डॉक्टरच आले. भाऊंनी उत्तर पुढे केलं. डॉक्टरांनी ते न वाचता खिशात घातलं आणि घंगाळापासून पातेल्यापर्यंत एकेक भांडं वाकून पाहत गेले.

"एवढी पिल्लं जगवली कशी? आमच्या टाक्यांत आयाच खाऊन टाकतात. कळव्यापासून कल्याणपर्यंतच्या विहिरींना मासे हवेत, पुरवायचे कुठून? कुणी शिकवलं तुम्हाला?"

भाऊंच्या तोंडाशी स्वतःचं नाव आलं होतं. पण दुसऱ्याच्या टिपणावर आपलं म्हणून त्यांनी तीस वर्षांत कधी सही केली नव्हती.

"गाळणी माझी," ते म्हणाले. "बाकी अक्कल ठमाबाईची."

"मग त्यांना अर्ज करायला सांगा. आम्हाला माणूस हवाच आहे. आणि तोपर्यंत या मडक्यांना फडकी बांधा."

दुसऱ्या दिवशी ठमाबाई पाटीशिवाय आली आणि भाऊंसमोर बसली. "लिवा."

भाऊ धुमसतच होते. चार पानांतली एक ओळसुद्धा कुणी वाचली नव्हती. तरी त्यांनी कागदाला समास पाडला.

"अनुभव किती वर्षांचा लिहू?"

"जन्मापासून लिवा. नि खाली घाला, हाताखाली एक मानूस लागंल, गालनी चालवाया."

"असा माणूस कुठून मिळणार?"

"तुमचंच नाव घाला. घरात बसून बायची भांडी अडवताव, त्यापरीस बरं."

भाऊंनी टाक खाली ठेवला. त्यांच्या स्वतःच्या हाताखाली अकरा कारकून होऊन गेले होते. आतून सुमतीबाई म्हणाल्या, "लिहा हो. आणि भांडी खात्याने द्यावीत, असंही घाला."

भाऊंनी चष्मा काढून पुसला. मग भाऊंनी टाक दौतीत बुडवला आणि वळणदार अक्षरात लिहिलं : 'हाताखालील माणूस : विश्राम सदाशिव कर्णिक.' ते एकदा वाचून पाहिलं, आणि रागारागाने 'माणूस' खोडून वर 'सहायक' केलं.