मौनीबाईचा होकार

"ताटावर बसलीस की तोंडाला एकच काम द्यायचं. गप्पा नंतर. देव अन्नात असतो, त्याच्यासमोर बडबड नको."

आत्याचं हे सांगणं तिनं सातव्या वर्षापासून पाळलं होतं. वसतिगृहात तर तिचं नावच मौनीबाई पडलं. या नेमानं तिचं कधी काही अडलं नाही. अडलं ते थेट पीएच.डी.च्या शेवटच्या वर्षी, परिषदेत.

"शिष्यवृत्ती दोन महिन्यांत संपतेय तुझी," गाईडबाईंनी बजावलं होतं. "शेवाळवाल्या सरांच्या प्रयोगशाळेत एकच जागा आहे. ओळख करून घे त्यांची."

"एवढंच ना, बाई? दुपारपर्यंत जागा पक्की समजा."

बोलायची वाक्यं तिनं आरशासमोर घोटून घेतली. पण सकाळभर सरांभोवती ही गर्दी! शेवटी कंटाळून ती ताट घेऊन बसली, पहिला घास तोंडात घातला, आणि शेजारच्या खुर्चीत साक्षात सर येऊन टेकले.

"काम कशावर चाललंय?"

मौनीबाईनं गळ्यातलं, नाव आणि विषय लिहिलेलं ओळखपत्र पुढे केलं. सरांनी चष्मा कपाळावर चढवून वाचलं. "अरे वा, शेवाळ," म्हणाले आणि जे सुटले ते धरणाचं दार उघडल्यासारखे. घोटलेली वाक्यं तिच्या ओठांपर्यंत यायची आणि घासाबरोबर परत पोटात जायची. समोरच्या टेबलावरून गाईडबाई डोळे वटारून खुणावत होत्या: बोल की गं!

तेवढ्यात वाढपी मागून वाकला. "ताई, अजून वाढू?" त्याच वेळी सरही काहीतरी विचारत होते. तिनं जोरजोरात मान डोलावली. सरांचा चेहरा एकदम उजळला.

हात धुऊन ती धावतच आली. "सर, मला तुमच्याकडे..."

"अगं, बोलतेस की तू. सोमवारी रुजू हो. तीस वर्षांत मला मधे न तोडता कुणी ऐकलं नव्हतं, घरीसुद्धा. आणि सूचीचं कबूल केलंस, जिवावरचं ओझं उतरलं."

"कसली सूची, सर?"

"माझ्या पुस्तकाची. कुठला शब्द कुठल्या पानावर. नऊशेच पानं आहेत. करशील का म्हटलं, तर केवढ्यानं मान डोलावलीस!"

तो होकार वाढप्याला होता, हे सांगायला तिनं तोंड उघडलं. सरांचा आनंद पाहिला आणि मिटलं.

याला बावीस वर्षं झाली. आत्या गेली, सरही गेले. काल त्यांच्या पुस्तकाच्या चौथ्या आवृत्तीची मुद्रितं आली. पानं हललीत, म्हणजे सूची पुन्हा पहिल्यापासून.

मौनीबाईंनी मुकाट्यानं ताट संपवलं, हात धुतले आणि पेन्सिलीला टोक काढलं.