वर्कशॉपच्या दारातली पाठराखीण

दारकुंडे सर आमच्या कारखान्याचं पाणी पीत नसत. नगरहून एसटीनं येताना फिरकीचा तांब्या भरून आणायचे. भर उन्हात शिपायानं ग्लास पुढं केला की हात जोडायचे. "नको रे बाबा. आमची पोरं इथं दिलीत ना. लेकीच्या घरचं पाणी चालत नाही."

सर नगरच्या एका तंत्रनिकेतनात यंत्रशास्त्र शिकवायचे. पोरांनी सहा महिने कारखान्यात काम केल्याशिवाय डिप्लोमा द्यायचा नाही, असा तिथं नवा नियम आला होता. जागा मिळवायचं लचांड सरांनी आपण होऊन गळ्यात घेतलं आणि ते उपवर मुलीच्या बापासारखं निस्तरायला लागले. साखर कारखाना म्हणजे 'स्थळ'. जागा देतो म्हटलं की 'सुपारी फुटली'. पोरं सोडायला आले की माझ्यापुढं कमरेत वाकायचे, "सांभाळून घ्या इंजिनिअरसाहेब. कानस धरता येत नाही अजून, पण वळण चांगलं आहे."

वर्कशॉप माझ्याकडं होतं, आणि हा तमाशा मला बिलकूल खपायचा नाही. एकदा खेकसलोच, "अहो सर, पोरं आहेत ही, नवऱ्या नाहीत!"

"तेच तर. नवरीला निदान स्वयंपाक येतो."



मग दुष्काळ पडला. ऊस उभा जळाला, गाळप लवकर आटोपलं, आम्ही मशिनरी खोलायला घेतली. त्या चैत्रात सर एकटेच आले. खुर्चीच्या कडेवर टेकून हळूच म्हणाले, "या खेपेला खरोखरची मुलगी आहे हो."

सुमन. तिसगावची, वर्गात पहिली, सगळ्या मेकॅनिकलमध्ये एकटीच मुलगी. सर जिल्हाभर हिंडून आले होते. मुलगी म्हटल्यावर सगळ्यांनी हात वर केले. आणि तिच्या बापानं बजावलं होतं, "कारखान्यानं घेतली तर बरं. न्हाईतर ह्या वैशाखात उजवून टाकतो. लई शिकली."

आमच्या चीफसाहेबांनीही नकारार्थी मान हलवली. "अहो, सगळे गडी तिथं. बाईमाणूस एकटं कसं राहील?"

सर उठून उभे राहिले. "पहिल्यांदा सासरी जाणाऱ्या पोरीबरोबर आपण पाठराखीण देतो की नाही? मी येतो."

चीफसाहेब हसले. मीही हसलो. सर हसले नाहीत. म्हातारा चार दिवसांत कंटाळेल, या हिशेबानं चीफसाहेब म्हणाले, "या. तुम्ही दारात बसाल तोवर पोरगी राहील."

आणि सर आले हो! कॉलेजला सुट्टी लागली त्या दिवसापासून पहिल्या एसटीनं यायचे, वर्कशॉपच्या दारात स्टुलावर बसायचे आणि संध्याकाळी सुमनला आमच्या क्वार्टरमध्ये आमच्या हिच्या हवाली करून शेवटच्या गाडीनं परत जायचे. वर पत्रा तापलेला. फिटर लोक मुद्दाम मोठ्यानं विचारायचे, "पाठराखीन आली का रं?" सर बसल्या जागेवरून सांगायचे, "आली, आली."

मदत मात्र काडीची नाही. पहिल्याच दिवशी पाना सटकून सुमनची बोटं सोलपटली. सर स्टुलावरून अर्धे उठले, परत बसले, आणि दिवसभर टोपी हातात चुरगाळत राहिले. तिनं चिंधी गुंडाळली आणि पुन्हा पाना उचलला.

वैशाख सरला, लग्नं लागायची ती लागून गेली. सुमन पंप खोलून जोडायला लागली. पण सुट्टी संपत आली तसा सरांचा चेहरा उतरायला लागला. ते कॉलेजवर गेले की स्टूल रिकामं, आणि स्टूल रिकामं म्हणजे पोरगी घरी.

शेवटी सुमनच चीफसाहेबांदेखत सरांपुढं येऊन उभी राहिली. "सर, उद्यापासून तुमी नका येऊ."

"अगं पण..."

"मला आता कुनी लागत न्हाई."

म्हातारा हेडफिटर कामावरून मान वर न करता म्हणाला, "जावा सर. पोर आमची हाय आता." चीफसाहेब काहीच बोलले नाहीत. आमच्याकडं त्याचा अर्थ होकार.

सरांना आनंद मावेना. कँटीनपासून टाइम ऑफिसपर्यंत सांगत सुटले, "घालवून दिलं मला! पोरीनं घालवून दिलं!"

स्टँडवर सोडायला मीच गेलो. म्हटलं, "सुटलात एकदाचे. आता घरी आराम करा."

"घरी?" सर टोपी नीट करत म्हणाले. "घरी कोण आहे इंजिनिअरसाहेब? बायको गेली, मूलबाळ झालंच नाही. हे दोन महिने सकाळी उठून कुठंतरी जायचं होतं, कुणासाठी तरी." तेवढ्यात गाडी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर वॉचमननं मला थांबवलं. "सायब, ते सर आल्ते. पहिल्या गाडीनं."

"कुठं आहेत?"

"गेले की. आत न्हाई आले. पोरगी कामावर आली का, येवढंच इचारलं. म्हनलं, कवाच आली. बरं म्हनले, आन् त्याच गाडीनं माघारी गेले."