सासूबाईंची खुर्ची आणि चिनी पोर्क

सासूबाई जेवायला येणार म्हटल्यावर पॉलिशमिस्त्रीने दोन कामं एकदम अंगावर घेतली. त्यांची जुनी हातांची खुर्ची चकाचक करून द्यायची आणि त्यांना चिनी पद्धतीचं भाजलेलं पोर्क स्वतःच्या हाताने करून खिलवायचं. "जावईबापूंना लाकडापलीकडे काही जमत नाही," असं सासूबाई चारचौघांत म्हणाल्या होत्या, आणि ते मिस्त्रीच्या फार जिव्हारी लागलं होतं.

"अगं, अवघड काय त्यात?" तो बायकोला म्हणाला. "मध, सोया सॉस, लसूण, थोडा लाल रंग. एक हात मारायचा, सुकू द्यायचा, मग दुसरा. चकाकी कशी येते बघ!"

"अहो, ते पोर्क आहे, कपाट नाही."

"तू गप्प बस गं. कामाची रीत सगळीकडे सारखीच."

झालं! ओव्हनमध्ये पोर्कच्या पट्ट्या, हॉलमध्ये खुर्ची, आणि मिस्त्रीच्या इकडून तिकडे खेपा. एका वाटीत पॉलिश, दुसरीत सॉस. दोन्ही लालसर, दोन्ही घट्ट, आणि शहाण्याने वाट्याही एकाच सेटमधल्या घेतलेल्या. पॉलिश हुंगून हुंगून त्याचं नाक तर कधीच कामातून गेलं होतं. वास जावा म्हणून बायकोने बाहेरचं दार सताड उघडून ठेवलं.

खुर्चीला शेवटचा हात मारून तो ओव्हनकडे आला. ब्रश पोर्कला टेकणार, तोच बायको किंचाळली, "अहो, थांबा! ही पॉलिशची वाटी आहे!"

"मग सॉस कुठे गेला?"

दोघं हॉलकडे धावले. सासूबाई आल्या होत्या. खुर्ची पाहून खूश झाल्या होत्या. आणि बसल्याही होत्या.

"चमक मात्र छान आणलीत हो," म्हणत त्या उठायला गेल्या. खुर्चीही बरोबर उठली.

मिस्त्री खुर्ची धरायला पुढे धावला. पोर्क राहिलं बाजूला, आता लाकडातली अब्रूही गेली! "आई, ते... जरा ओलं आहे."

सासूबाईंनी चिकटलेलं बोट ओढून काढलं आणि रागाने नाकाशी नेलं. मग पुन्हा हुंगलं. आणि हळूच जिभेला लावलं.

"आई! खुर्ची काय चाटतेस?" लेक ओरडली.

सासूबाईंनी तिकडे लक्षच दिलं नाही. "हे तुम्ही केलंत, जावईबापू?"

"हो. म्हणजे... खुर्चीसाठी नव्हतं केलं."

"उरलंय का थोडं?"

"आहे, वाटीच्या तळाशी."

"मग ते पोर्कला लावा आणि नीट भाजा. चव फक्कड जमलीय! सावकाश होऊ द्या, मी कुठे जातेय?" असं म्हणत सासूबाई खुर्चीसकट टेबलापाशी सरकल्या.