डायनामोकडचे पाहुणे

आमचे साडू साताऱ्याहून सांगलीला येताना हायवे धरत नाहीत. औंध, कडेगाव, कुंडल असे आतल्या रस्त्याने वळसे घेत येतात आणि वाटेत तीन-चार घरी थांबतात. त्या घरांत त्यांचं कुणी राहत नाही. त्यांच्या गाडीचे नातेवाईक राहतात.

हे जरा नीट सांगायला हवं. साडू लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. पण साताऱ्यात पलटणीतून परत आलेल्या प्रत्येकाला मेजर म्हणायची रीत आहे, म्हणून तेही मेजर. त्यांच्याकडे एक जुनी जीप आहे. तिचा एखादा पार्ट गेला की मेजर दुकानातला नवा घेत नाहीत, जुने पार्ट दुरुस्त करून विकणाऱ्या वाइंडिंगवाल्याकडे जातात. तिथला व्यवहार सरळ असतो. आपला मेलेला पार्ट द्यायचा, वर पैसे घालायचे आणि दुसऱ्या कुणाचा तरी दुरुस्त करून ठेवलेला घ्यायचा. असा पार्ट घेताना तुम्ही-आम्ही विचारतो, किती दिवस चालेल. मेजर विचारतात, "कुणाचा हाय?" आणि पत्ता घेऊन त्या माणसाला भेटायला जातात.

त्यांचा रेडिएटर औंधच्या एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंच्या गाडीचा आहे. घाटात इंजिन तापलं की मेजर म्हणतात, बाई रागावल्या. मग औंधात बाईंच्या दारात गाडी लावून त्यांच्याच नळाचं पाणी रेडिएटरमध्ये ओततात. बाई चहा देतात आणि बॉनेट उघडायला लावून आपला रेडिएटर ठीक आहे ना, हे पाहतात. वॉटर पंप कुंडलच्या एका बागायतदाराचा. त्या गृहस्थाला वाटलं, हा माणूस पंप बिघडला म्हणून पैसे परत मागायला आलाय. त्याने दारच उघडलं नाही. मेजर कट्ट्यावर थोडा वेळ बसले, एक नारळ ठेवला आणि निघाले. पुढच्या खेपेला पुन्हा गेले. आता तो माणूस त्यांना काकवी देतो.

डायनामो कडेगावच्या एका बँडवाल्याच्या गाडीचा. त्याच्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण मेजरांना होतं. दारात स्वागताला उभ्या असलेल्या पोराने विचारलं, मुलाकडचे का मुलीकडचे. मेजर म्हणाले, "डायनामोकडचा." त्याने त्यांना पहिल्या पंगतीला बसवलं. नाव ऐकून त्याला बहुतेक मोठं घराणं वाटलं असावं.

या सगळ्यावर त्यांचं एकच म्हणणं. "वळखीचा हाय. वळखीचं माणूस दगा देत न्हाई." माझा अनुभव नेमका उलटा आहे. मला आयुष्यात जेवढा दगा झाला, तो ओळखीच्याच माणसांकडून.

मी कुंडल-सांगली वडापची जीप चालवत होतो. माणसं दाटीवाटीने भरून नेण्याचा तो धंदा. त्यातून पुढे हळदीच्या व्यापारात आलो. कुणी हात धरून आणलं नाही. वडापच्या दिवसांत एका ओळखीच्या गॅरेजवाल्याने माझा चांगला पार्ट काढून घेऊन रद्दी बसवला होता. तेव्हापासून मी गाडीच्या प्रत्येक पार्टवर छिन्नीने माझी खूण घालतो. दोन उभ्या रेघा, खाली एक आडवी. गाडी दुरुस्तीला दिली की परत घेताना आधी रेघा मोजतो. घरातल्या कुकरच्या झाकणावरही खूण आहे. बायको म्हणते, मी वेळेवर सावध झाले म्हणून वाचले.

आणि भाव केल्याशिवाय मी काही घेत नाही. मेजर मात्र वाइंडिंगवाला सांगेल तो पहिला आकडा देऊन मोकळे होतात. अशा माणसांमुळे बाजार बिघडतो.

आता मुख्य गोष्ट. ती जीप आमच्या सासऱ्यांची. सासरे औंधचे. त्यांच्या शेवटच्या वर्षांत त्यांना यमाईच्या डोंगरावर, दवाखान्यात, तालुक्याला त्याच जीपमधून कोण नेत होतं? मी. मेजर तेव्हा सरहद्दीवर होते. सासरे गेले आणि जीप थोरल्या जावयाला मिळाली. मला त्यांचा रेडिओ मिळाला. रेडिओही बंद होता.

मी चार वर्षं साताऱ्याची पायरी चढलो नाही. नंतर दोघी बहिणींनी एका लग्नात आम्हाला शेजारी बसवलं आणि येणंजाणं सुरू झालं. पण त्या जीपच्या बॉनेटखाली डोकावायचं नाही, हे माझं मी ठरवून टाकलं होतं.

मेजर आमच्या दारात येतात तेव्हा आणखी एक चमत्कारिक प्रकार करतात. गाडी बंद करतात. मग पुन्हा सेल मारतात, स्टार्टर घरघरतो, इंजिन सुरू होतं. ते क्षणभर ऐकतात, बंद करतात आणि मगच उतरतात. दर खेपेला. मी विचार करकरून थकलो. शेवटी असं धरून चाललो की, जीप कुणाला मिळाली हे गल्लीला ऐकवायचा हा प्रकार आहे.

गेल्या उन्हाळ्यात त्या स्टार्टरने मान टाकली. औंधात बाईंच्या दारात जीप सुरूच होईना. बाईंनी शेजारपाजारची माणसं गोळा करून धक्का मारायला लावला आणि नंतर पुण्याला मेजरांच्या मुलाला, प्रशांतला, फोन केला. प्रशांतने बापाला निर्वाणीचं सांगितलं. नवाकोरा, गॅरंटीचा स्टार्टर बसवा, नाहीतर जीप भंगारात जाईल. मग मला फोन केला. म्हणाला, काका, तुम्हीच बरोबर जा. बाबा पुन्हा कुणाचं तरी उसनं घालून आणतील.

मी सांगलीहून गेलो. मेजरांनी स्टार्टर आधीच काढून घेतला होता. पलटणीतल्या जुन्या हिरव्या टॉवेलात गुंडाळून मांडीवर ठेवला होता.

दुकान हायवेला. काचेचं, थंडगार, गावोगावी शाखा असलेलं. मेजर कपाटातल्या खोक्यांकडे बघत म्हणाले, "एवढी समदी, पन कुणाची कुणाशी वळख न्हाई." मी सरळ काउंटरवर गेलो आणि भाव करायला लागलो. तिथली मुलगी म्हणाली, सर, सिस्टीममध्ये हाच रेट आहे. मी म्हटलं, मग सिस्टीमला बाहेर बोलव. ती हसली, पण पैसा कमी केला नाही. माझं डोकं तापलं. ज्या दुकानात भाव करता येत नाही तिथे माणसाने उभं तरी कशाला राहायचं? वाइंडिंगवाला लबाड असतो, पण तासभर भांडतो तरी.

मी एवढा वेळ हटत नाही म्हटल्यावर ती म्हणाली, जुना स्टार्टर जमा केलात तर सूट मिळेल. सूट बऱ्यापैकी होती. मी वळून न बघता हात मागे केला. हातात काही आलं नाही.

मेजर स्टार्टर पोटाशी धरून बसले होते. मी समजावून सांगितलं. चिडून सांगितलं. म्हटलं, अहो, मेलेला लोखंडाचा गोळा आहे, त्याचे हे लोक पैसे देतायत, आणखी काय पाहिजे? नवा बसला नाही तर प्रशांत जीप मोडीत काढेल, कळतं का? मेजर मान हलवत राहिले. सगळं दुकान आमच्याकडे बघायला लागलं. शेवटी मी टॉवेलाचं टोक धरून ओढलं.

स्टार्टरच्या अंगावर, बोल्टच्या शेजारी, दोन उभ्या रेघा होत्या. खाली एक आडवी.

माझी वडापची जीप मी धंदा वाढल्यावर भंगारात दिली होती. भाव चांगला घेतला होता. तिचं पुढे काय झालं, हे मी कधी विचारलं नाही. मेजरांनी विचारलं होतं. मिरज रस्त्यावरच्या वाइंडिंगवाल्याला त्यांनी सांगून ठेवलं होतं, त्या गाडीचा स्टार्टर हातात आला तर मला कळव.

"वळखीचा हाय," मेजर टॉवेल सारखा करत म्हणाले. मग खालीच बघत म्हणाले, "तुमी चार वर्सं आला न्हाईसा, पाव्हणं. गाडी तर रोज चालू करायला लागती."

टॉवेल बाजूला करून मी रेघा पुन्हा मोजल्या. काउंटरवरच्या मुलीला वाटलं, सौदा मोडला. तिने विचारलं, सर, मग जुना जमा करताय ना?

"सूट नको," मी म्हणालो. "पुऱ्या किमतीला दे."

नवा स्टार्टर खोक्यातून बाहेर काढला. चकचकीत होता, बोट लावलं की ठसा उमटत होता. माझ्या गाडीच्या डिकीत छिन्नी आणि हातोडी कायम असते. ती आणली आणि दुकानाच्या पायरीवर बसलो. मुलगी बाहेर धावत आली. म्हणाली, सर, तसं काही केलंत तर गॅरंटी जाईल. मी पहिली उभी रेघ मारली. दुसरी मारली. खाली आडवी.

मेजरांनी तो हातात घेतला, उन्हाकडे धरून पाहिला, आणि टॉवेलातला जुना माझ्याकडे दिला. नव्याला टॉवेलात गुंडाळलं.

प्रशांतला मी कळवलं, नवाच बसवलाय. सूट का सोडली, हे तो अजून विचारतो. जुना जमा केला नाही म्हणून सूट नाही, असं बिलावर छापलंय ना. जुना स्टार्टर आमच्या गोदामात वजनकाट्याशेजारी आहे. आणि जीप मला मिळायला हवी होती, हे माझं मत आजही कायम आहे. ते मी मेजरांना दर भेटीत ऐकवतो. ते म्हणतात, व्हय, तेबी खरं हाय. अशा माणसाशी भांडण चालवणं फार कष्टाचं असतं.

परवा ते सांगलीला आले. कडेगावच्या बँडवाल्याने दिलेले पेढे आणि कुंडलची काकवी घेऊन आले. दारात गाडी थांबली, इंजिन बंद झालं. मी आत हिशेब करत बसलो होतो. पुढचा आवाज येईना. खिडकीतून पाहिलं तर मेजर जीपमधून उतरून पिशव्या काढत होते. स्टार्टर नवा, सांगलीत त्याचं कुणी नाही, असं त्यांना वाटलं असावं.

मी चपला घालून बाहेर गेलो.

"मेजर," मी म्हणालो, "सेल मारा की एकदा."

त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या आणि पुन्हा जीपमध्ये चढले.